जांबोटीची वाट आणि चार सूत

बेळगावहून गोव्याला जाणारा चोर्ल्याचा रस्ता पिरनवाडीला खानापूरच्या रस्त्यापासून वेगळा होतो. किणये मागे पडले की भाताच्या खाचरांना रानाची किनार लागते. कुसमळीला मलप्रभा ओलांडायची, मग जांबोटी, आणि तिथून कणकुंबीपर्यंत दोन्ही अंगांना झाडी. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी हीच मलप्रभा उगम पावते. पुढे सौंदत्तीजवळ नवीलतीर्थाच्या धरणात साठणारी आणि कूडलसंगमाला कृष्णेला मिळणारी ही नदी, पण इथे तिचे रूप इतके लहान की नवख्या माणसाला दाखवून द्यावे लागते. बेळगावात नुसती रिपरिप असते तेव्हा कणकुंबीत पाऊस कोसळत असतो. कणकुंबी सोडली की चोर्ला, आणि तिथून रस्ता वळणे घेत गोव्यातल्या केरी गावाकडे उतरतो. वाटेत अंजुण्याच्या धरणाचे पाणी खाली चमकते. पर्यटक तिथे गाडी थांबवून फोटो काढतात. आमच्याकडची जुनी माणसे मात्र त्या उतारावर पाण्याकडे बघत नाहीत. त्यांचे लक्ष ब्रेककडे असते.

या पट्ट्यात जीप ही हौसेची वस्तू कधीच नव्हती. आजही नाही. मुख्य रस्ता आता बरा आहे, पण त्याला फुटणाऱ्या वाटा वेगळ्या. २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झाले. त्याच्या आत आणि आसपास असलेल्या गवाळी, तळेवाडी, आमगाव अशा गावांना पावसाळ्यात ओढे चढले की बाहेरचे जग तुटते. आजारी माणसाला डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे म्हणजे खांद्यावर, नाहीतर जीपवर. साखरेच्या पोत्यापासून बाळंतिणीपर्यंत सगळे या गाड्यांतून गेले आहे. लग्नाचे वऱ्हाड तर विचारूच नका. आत किती, बाहेर लोंबकळत किती आणि बॉनेटवर किती, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

माझ्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची, जीप याच वाटांवर म्हातारी झाली. गाडीची नोंदणी १९७४ सालची. मॉडेल महिंद्रचे सीजे-३बी, उंच बॉनेटचे. बॉनेट उंच का, तर अमेरिकेतल्या विलीज कंपनीने जुन्या बुटक्या जीपमध्ये ‘हरिकेन’ नावाचे नवे, उंच इंजिन बसवले. ते खाली मावेना म्हणून झाकण वर गेले. विलीजने ही गाडी १९५३ ते १९६८ या काळात बनवली. महिंद्रने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली होती. पुढे अमेरिकेत हे मॉडेल बंद पडले तरी आपल्याकडे ते कितीतरी वर्षे निघतच राहिले. आबांच्या जीपचे पेट्रोल इंजिन केव्हाच निघून त्या जागी डिझेल आले आहे. पेट्रोल परवडत नाही म्हणून त्या काळी सगळ्यांनीच तसे केले.

गेल्या मृगात घरात या गाडीवरून बराच वाद झाला. आबांचे वय अठ्ठ्याहत्तर. मुलांचे म्हणणे, गाडी विकून टाकू. हौशी लोक पुण्या-मुंबईहून येऊन चांगली किंमत देतात. सासूबाई मुलांच्या बाजूने. आबा काहीच बोलत नव्हते. आणि वादाला तसेच कारण होते. कणकुंबीहून परत येताना एका उतारावर ब्रेकवर पाय दिला तर पॅडल निम्म्याहून जास्त खाली गेले, मग एकदम कडक झाले आणि गाडी थांबली. थांबली, हे खरे. पण शेजारच्या घरातली गरोदर सून मागच्या बाकावर बसलेली होती. तिला बेळगावला तपासणीसाठी आणत होते. आबांनी घरी येऊन हे सांगितले नाही. त्या मुलीच्या सासूने सांगितले.

तेव्हा प्रश्न दोन होते. गाडी ठेवायची की नाही हा एक. आणि ठेवायची असेल तर तिच्यावर पुन्हा कुणाचा जीव सोपवता येईल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून होते. म्हणून एका शनिवारी कॉलेज सुटल्यावर आबांसह मी उद्यमबागेत गेले.

बेळगावच्या माणसाला उद्यमबाग सांगावी लागत नाही. तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे गेले की ओतकामाचा वास आणि लेथचा आवाज सुरू होतो. फौंड्र्या, हायड्रॉलिकचे कारखाने, गिअर कापणारी, ग्राइंडिंग करणारी छोटी छोटी युनिटे. काम करणारे हात खानापूर तालुक्यातून, बैलहोंगलकडून, चंदगडकडूनही आलेले. एकाच लेथवर दिवसपाळीला मराठी आणि रात्रपाळीला कानडी असे चालते. खरे म्हणजे एकाच वाक्यात दोन्ही चालतात. भाषेच्या प्राध्यापिकेला इथे खूप शिकायला मिळते. मराठीत ब्रेक ‘धरतो’, कानडीत ‘हिडीतैति’. दोन्हीकडे ब्रेक हा हातासारखा, पकडणारा. सीमाप्रश्नावर परिसंवाद घेणाऱ्यांनी एखादा दिवस इथल्या चहाच्या टपरीवर काढावा असे मला नेहमी वाटते. असो.

आमचे मिस्त्री जुन्या जीपच्या कामातले. त्यांनी गाडीखाली जायच्या आधी आबांना बसवले आणि म्हणाले, “आबा, हळू दाबा. आता धरून ठेवा. सोडा. परत दाबा.” तीन-चार वेळा असे केले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, ब्रेक खाली जातंय म्हणजे एकच आजार नसतंय ओ.”

त्यांनी जे सांगितले ते मी वहीत लिहून घेतले, कारण जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवे. पॅडल दाबताना स्पंजासारखे मऊ लागले तर पाइपात हवा आहे. दाबून धरल्यावर पायाखाली हळूहळू बुडत गेले तर मास्टर सिलेंडरच्या आतले रबर फाटले किंवा घासले आहे, नाहीतर कुठेतरी तेल गळते आहे. एकदा दाबून पोकळ लागले आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर आले तर ड्रमच्या आतल्या लायनर आणि ड्रममध्ये अंतर वाढले आहे. आणि कितीही वेळा दाबा, पहिला बराच प्रवास रिकामा जातो, मग एकदम टणक लागते, असे असेल तर तेल, रबर, लायनर सगळे ठीक असू शकते. ढिलाई आहे ती पॅडलपासून मास्टरपर्यंतच्या जोडांत. आमच्या गाडीचा आजार हा चौथा.

यातली गोम समजायला जीपची रचना डोळ्यांसमोर आणावी लागते. आजच्या मोटारीत ब्रेकचे पॅडल वरून लोंबते, आणि त्याचा खिळ डॅशबोर्डच्या मागे, कोरड्या जागी असतो. जुन्या जीपमध्ये पॅडल फरशीच्या पत्र्यातल्या फटीतून खालून वर येते. ज्या शाफ्टवर ते फिरते तो शाफ्ट पत्र्याच्या खाली, आणि मास्टर सिलेंडरही तिथेच, चेसीसला बांधलेला. म्हणजे चिखल, ओढ्याचे पाणी, शेणकाला, चाकाने उडवलेली खडी, सगळे थेट त्या जोडांवर. ग्रीस भरायला निपल दिलेले असते. पण गावाकडे ग्रीसगन असते एकाकडे आणि जीपा असतात दहा.

पॅडल म्हणजे एक तरफ. पाय पडतो ती बाजू लांब, मास्टरचा रॉड जोडलेली बाजू आखूड. त्यामुळेच माणसाच्या पायाचा जोर कितीतरी पटीने वाढून रॉडवर पोचतो. पण वजाबाकीही त्याच पटीने होते. समजा हे प्रमाण एकास पाच असेल, तर जोडाच्या पिनेला दोन मिलिमीटरची झीज झाली की पायाशी एक सेंटिमीटर फुकट गेला. पिनेचे भोक झिजले, पिन झिजली, शाफ्टवरचा बुश झिजला, असे तीन ठिकाणचे थोडे थोडे एकत्र आले की पॅडल पत्र्याच्या जवळ पोचते. कुठलाही एक भाग हातात घेऊन पाहिला तर तो अगदी टाकाऊ वाटणार नाही. झीज अशीच असते.

पत्र्याचे स्क्रू काढून वरची झाकणपट्टी उचलली, चाकांना दगड लावले, गाडी घोड्यांवर घेतली आणि मिस्त्री खाली सरकले. आधी परतीची स्प्रिंग सोडवली. ही स्प्रिंग पॅडल मागे खेचून ठेवते. ती मेली की पॅडल अर्धवट दाबलेलेच राहते. मग रॉडच्या जोडाची पिन. खालून हसण्याचा आवाज आला आणि एक हात बाहेर आला. हातात वाकवलेला खिळा होता. स्प्लिट पिनेच्या जागी कुणीतरी, कोण जाणे किती वर्षांपूर्वी, साधा सुतारी खिळा वाकवून घातला होता. आणि जी पिन तो खिळा सांभाळत होता तीही मूळची नव्हती. तो एक आट्यांचा बोल्ट होता. गुळगुळीत पिनेच्या जागी आटे असले की ते कानशीसारखे भोक खातात. गोल भोक लांबट झाले होते, अंड्यासारखे.

“हे निघालं असतं तर?” मी विचारले.

“तर पॅडल आणि मास्टरचा संबंध तुटला,” मिस्त्री म्हणाले. “पाय द्या, काढा, काही नाही.”

जुन्या जीपला ब्रेकच्या तेलाचा एकच मार्ग असतो. आताच्या गाड्यांत दोन वेगळे मार्ग ठेवतात. एक गेला तरी दुसरा काही चाकांना धरतो. इथे एका पिनेवर चारही चाके. उरतो हँडब्रेक. तो चाकांवर नसून मागच्या प्रॉपेलर शाफ्टवरच्या एका ड्रमवर असतो. उभ्या गाडीला तो ठीक. चोर्ल्याच्या उतारावर भरलेली गाडी थांबवायला त्याच्यावर भरवसा ठेवायचा नसतो. आबा ऐकत होते. त्यांनी तो खिळा मागून घेतला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

पॅडल बाहेर आले. बुशची अवस्था पाहून शेजारच्या लेथवाल्या काकांना बोलावले. त्यांनी शाफ्टवर पॅडल सरकवून बाजूला हलवले आणि म्हणाले, “नोड्री, इष्टु. बुश होग्याव्री.” शाफ्टलाही एका बाजूने खड्डा पडला होता. बाजारात तयार संच मिळतो, पण तो कधी नीट बसतो, कधी नाही. आणि खड्डा पडलेल्या शाफ्टवर नवा बुश घातला तर चार महिन्यांत पुन्हा तीच कथा. म्हणून दोन्ही करायचे ठरले. शाफ्टसाठी ईएन-८ ची सळई, बुशसाठी गनमेटल. पोलादावर पोलाद फिरवायचे नाही. एक कठीण, एक मऊ. झिजायचे ते मऊ भागाने, कारण तो बदलायला स्वस्त. ही साधी गोष्ट मला लेथशेजारी उभे राहून कळली.

गनमेटलचा तुकडा चकात धरला आणि काकांनी बाहेरचे माप एका हिशेबाने, आतले दुसऱ्या हिशेबाने घेतले. बाहेरून बुश पॅडलच्या भोकात दाबूनच बसला पाहिजे, हाताने जाता कामा नये. दाबला की तो आतून किंचित आवळतो. म्हणून आतले भोक आधी थोडे कमी ठेवायचे आणि बसवल्यानंतर रीमर फिरवून शाफ्टच्या मापाला आणायचे. ग्रीस जाण्यासाठी आतून चर आणि निपलासमोर भोक. शाफ्टवर पॅडल चढवल्यावर काकांनी ते उभे धरून सोडले. ते आपल्या वजनाने सावकाश खाली आले. ना अडकले, ना खडखडले. “सरी आतु,” म्हणाले आणि बिडी पेटवायला बाहेर गेले.

अंड्यासारखे झालेले भोक मिस्त्रींनी वेल्डिंगने भरले नाही. तसे करणारे असतात. ब्रेकच्या तरफेवर वेल्डिंगचा थर चढवून पुन्हा भोक पाडले तर त्या जागी लोखंड कसे वागेल याची खात्री नाही, असे त्यांचे मत. त्यांनी भोक मोठे करून गोल केले, त्यात पातळ पोलादी बुश दाबला आणि नवी गुळगुळीत पिन घातली. टोकाला वॉशर, आणि स्प्लिट पिन दोन्ही पाय फाकवून. मास्टरच्या तोंडावरचे रबरी टोपण चिरले होते, तेही बदलले. त्यातून पाणी गेले की आत गंज धरतो. सगळे तेलही नवे भरले. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट-३ प्रकारचे नवे तेल २०५ अंश सेल्सिअसच्या खाली उकळत नाही. पाणी शोषलेल्या तेलाला मापदंड आहे फक्त १४० अंशांचा. लांब घाटात ड्रम तापतात, तेल उकळले की पाइपात वाफ होते आणि पाय पोकळीत जातो. आमच्या पावसाच्या मुलखात हे तेल दोन वर्षांनी बदलायला हवे. बदलतो कोण?

मग आली या कामातली सर्वांत नाजूक गोष्ट. सगळे जोड घट्ट झाले, तेव्हा मला वाटले पॅडलला जरासुद्धा मोकळीक नको. आबाही तेच म्हणाले, “एकदम वर घे, पाय ठेवला की लागला पाहिजे.” मिस्त्रींनी मान हलवली. “आबा, चार सूत प्ले पाहिजेच.” चार सूत म्हणजे अर्धा इंच. विलीजच्या जुन्या पुस्तिकांतही अर्धाच इंच सांगितलेला आहे, हे मी नंतर पाहिले. मिस्त्रींनी ती पुस्तिका कधी पाहिली नव्हती.

कारण असे. मास्टर सिलेंडरमध्ये टाकीकडे जाणारे एक बारीक छिद्र असते. पाय काढला की आतला दट्ट्या पूर्ण मागे येऊन हे छिद्र उघडे पडते, आणि तापून फुगलेले तेल त्यातून टाकीत परत जाते. रॉड लांब ठेवून सगळी मोकळीक मारली तर दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, छिद्र बंद राहते. तेल तापते, फुगते, त्याला जायला वाट नाही. मग ते लायनर ड्रमवर दाबू लागते. त्याने ड्रम आणखी तापतो. पायाचा स्पर्श नसताना ब्रेक आपोआप लागत जातात आणि शेवटी चाके जखडतात. म्हणजे खूप ढिले जितके धोक्याचे, तितकेच खूप घट्टही. रॉडवर आटे असतात. ते फिरवून लांबी कमीजास्त करायची आणि नट आवळायचा. मिस्त्रींनी पट्टी लावून मोजले नाही. हाताने पॅडल दाबत कान लावून रॉड दट्ट्याला टेकल्याचा बारीक ‘टक्’ ऐकला. मी पट्टी लावली. बारा मिलिमीटरच्या आसपास भरले.

सगळे मिळून दोन दिवसांचे काम. लेथचे पैसे मिस्त्रींपेक्षा जास्त झाले आणि ते योग्यच होते.

मधल्या वेळात जुन्या गाड्यांच्या कायद्यावरही बोलणे निघाले. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि नंतर पाच-पाच वर्षांसाठी तपासणी करून वाढवावी लागते. २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम काढले. मोठ्या मुलाने ते आबांना वाचून दाखवले, गाडी मानाने घरात राहील म्हणून. पण त्यात अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, इंजिन-चेसीसमध्ये मोठा फेरफार नको. आणि अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेंसाठीच. इंजिन तर आमचे केव्हाच बदललेले. आणि गाडी वापरायची नसेल तर ठेवायची कशाला, हे आबांचे त्या संपूर्ण चर्चेतले एकमेव वाक्य.

रविवारी सकाळी पाऊस उघडला होता तेव्हा आम्ही निघालो. मोठा मुलगा चालवायला, आबा शेजारी, मी मागे. पिरनवाडीपासून जांबोटीपर्यंत मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे मोकळ्या जागी चार-पाच वेळा मुद्दाम ब्रेक दाबून पाहिले. पॅडल थोडेसे जाऊन धरत होते, गाडी एका बाजूला ओढत नव्हती. पुढे एका कच्च्या वाटेने ओढ्यातून गेलो. ड्रममध्ये पाणी गेले की ब्रेक थोडा वेळ निसटतात. पाण्यातून निघाल्यावर हलका पाय ठेवून काही अंतर जायचे म्हणजे ते तापून वाळतात. हे आबांनी न विचारता सांगितले. चोर्ल्याच्या उतारावर त्यांनी आणखी एक सांगितले: ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचे, ब्रेकवर पाय दाबून बसायचे नाही. मुलगा म्हणाला, “माहीत आहे, आबा.” त्याने गिअर मात्र त्यांनी सांगितल्यावरच खाली टाकला. केरीला पोचून मी उतरून ड्रमजवळ हात नेला. गरम होते, पण चारही सारखेच. वास नव्हता.

परत येताना कणकुंबीच्या अलीकडे आबांनी गाडी थांबवायला सांगितली आणि चालकाच्या जागी स्वतः बसले. कुणी काही बोलले नाही. जांबोटीपर्यंत त्यांनी चालवली. तिथे उतरून किल्ली मुलाच्या हातात दिली आणि म्हणाले, “रात्रीचं बोलावणं आलं तर तू जायचं. दिवसाचं मी बघतो.” घरात आता हाच नियम आहे. सासूबाईंना तो पसंत नाही. दिवसही नको असे त्यांचे म्हणणे, आणि त्यांचे चुकते आहे असे मला वाटत नाही.

शेजारची सून श्रावणात बेळगावला बाळंत झाली. तिला नेताना गाडी मोठ्या मुलाने चालवली. महिन्यातून एकदा ग्रीसगन मारायचे काम धाकट्याकडे आहे. तारखा गोठ्याच्या दारामागे खडूने लिहिलेल्या असतात. हँडब्रेकचे लायनर अजून व्हायचे आहेत. मिस्त्री म्हणाले, दिवाळीनंतर आणा.